बाहेरगावीचा खण

गावंडे मॅडम,

आधी नावं घेते, मग झालं ते सांगते. पुस्तकाच्या सुरुवातीला आभाराचं पान असतं, ते ओलांडून पुढं पळायचं नाही, हे तुम्हीच शिकवलं.

पहिलं नाव तुमचं. शाळा सुटलेल्यांना बाहेरून दहावीला बसायचं असेल तर सतरा नंबरचा फॉर्म भरावा लागतो. माझा तो फॉर्म तुम्ही भरला. मी इकडं चाकणला, तुम्ही घाटंजीजवळच्या आपल्या गावात, आणि फोनवर तुम्ही एकेक रकाना असा वाचून दाखवत होतात की जशी गोष्टच चालली आहे. दुसरं नाव रामदासभाऊंचं, आपल्या शाळेच्या शिपायाचं. जुन्या रजिस्टरांच्या गठ्ठ्यातून त्यांनी माझी नववीची नोंद शोधून काढली, वाळवीची माती रुमालानं झटकली आणि ते पान तुमच्यापुढं उघडं करून ठेवलं. तिसरं नाव आईचं. परीक्षेसाठी मी गावी आले त्या महिन्यात तिनं मला घरात झाडूसुद्धा हातात घेऊ दिला नाही.

तिघांनी उचलून धरलेल्या त्या गोष्टीचं मी काय केलं, तर गणिताच्या पेपरला गेलेच नाही. आणि निकालाच्या दिवशी तुम्ही फोनवर विचारलंत, "निघाली न व पूनम?", म्हणजे पास झालीस ना, तेव्हा मी म्हणाले, "हो."

तेवढंच. आता तो शब्द परत घ्यायचा आहे, पण द्यायला समोर तुम्ही नाही.

रामदासभाऊंचा फोन आला तेव्हा कंपनीत जेवणाची सुट्टी होती. तुम्हाला ठाऊक आहे, मी गाड्यांच्या तारांचे गुच्छ बांधते. कामावर मोबाइल लॉकरमध्ये ठेवावा लागतो, तो फक्त सुट्टीत हातात येतो. भाऊंनी आधी विचारलं, बसली हायेस का उभी. मी डब्यासमोर बसले होते. त्यांनी सांगितलं. मी डबा झाकला, लॉकरला कुलूप लावलं आणि परत जाऊन पाळी संपेपर्यंत तारा बांधल्या. एकही चुकली नाही. या गोष्टीची मला अजून शरम वाटते.

संध्याकाळच्या ट्रॅव्हल्सनं निघाले असते तर सकाळी यवतमाळला उतरले असते. तुमचं शेवटचं दर्शन झालं असतं. आईला सांगितलं, सुट्टी देत नाहीत. खरं म्हणजे मी सुट्टी मागितलीच नाही. शाळेतली लेकरं तिथं येणार होती, त्यांच्यापुढं उभं राहायची मला भीती वाटली. ती का वाटली हे सांगायचं तर एक जानेवारीपासून सांगावं लागेल. या एक जानेवारीपासून नाही, सगळ्याच.

आपल्या शाळेचं वाचनालय म्हणजे विज्ञानाच्या खोलीतली दोन लोखंडी कपाटं आणि दार न लागणारं एक लाकडी. बाकी जग वर्ष संपताना काय करत असेल ते असो, तुम्ही ती कपाटं रिकामी करायचात. एकतीस डिसेंबरला सगळी पुस्तकं मैदानात सतरंज्यांवर उन्हाला पडायची. आम्ही पोरी कडुनिंबाचा पाला आणून कपाटांच्या तळाशी अंथरायचो. फाटकी पुस्तकं झाडाखाली "दवाखान्यात" जायची. त्यासाठी खळ शिजायची ती शाळेच्या खिचडीच्या पातेल्यात, आणि खिचडीवाल्या मावशी दरवर्षी रुसायच्या. तुम्ही दरवर्षी त्यांना एक पुस्तक हातात देऊन समजूत काढायचात. मावशींना वाचता येत नव्हतं. मग ते त्यांना वाचून दाखवायला एखादी पोरगी नेमली जायची. तुमची ती चाल होती हे मला फार मोठी झाल्यावर कळलं.

मग प्रत्येकानं आपलं वाचून झालेलं एक पुस्तक जुन्या पेपरात गुंडाळायचं आणि वरती एकच वाक्य लिहायचं. नाव लिहायचं नाही. दुसऱ्या दिवशी, म्हणजे एक तारखेला, ते वाक्य वाचून पुस्तक उचलायचं आणि जे निघेल ते संक्रांतीपर्यंत बदलून मिळणार नाही. सहावीत मी लिहिलं होतं, "यातली म्हातारी शेवटी मरते पण वाईट वाटत नाही." तुम्ही कपाळावर हात मारला. शेवटच सांगून टाकला, आता हे कोण घेईल म्हणालात. आणि त्याच पुस्तकासाठी सातवीच्या दोघींनी एकमेकींच्या वेण्या ओढल्या.

कुठल्या पेपरात काय आहे हे फक्त तुम्हाला आणि रामदासभाऊंना ठाऊक असायचं. म्हणजे सगळ्या शाळेला ठाऊक असायचं, कारण ओंजळभर बोरं दिली की भाऊ सांगून टाकायचे. तुम्ही त्यांना म्हणायचात, भाऊ, तुमच्या तोंडात काही राहत नाही. ते म्हणायचे, बोर तं राह्यते न मॅडम.

नववीत दिवाळीनंतर मी कापूस वेचायला जायला लागले ती शाळेत परतलेच नाही. कोणी जबरदस्ती केली नाही. ताईचं लग्न ठरलं होतं, वेचायला बाया मिळत नव्हत्या, आणि वर्गात बीजगणित सुरू झालं होतं. या तिसऱ्या कारणाबद्दल मी कधीच कोणाला सांगितलं नाही. वावरात निदान काही न कळल्याची लाज वाटत नव्हती.

त्या वर्षी एक जानेवारीला तुम्ही वावरात आलात. दुपारच्या उन्हात, पायात शाळेतली चप्पल, हातात पिशवी. पिशवीत पेपरात गुंडाळलेलं पुस्तक. म्हणालात, तुहं राह्यलं होतं. मी म्हणाले, काम आहे. तुम्ही पदर खोचला, माझी कापसाची ओटी माझ्या कमरेची सोडून स्वतःच्या कमरेला बांधली, आणि मला म्हणालात, "तू वाच, मी वेचते."

मी बांधाच्या कडेला बसून मोठ्यानं वाचत होते आणि ओळीओळीनं बाया जवळ सरकत होत्या. तुम्ही वेचत होतात, पण बोंडातल्या कापसाबरोबर वाळली पानंही ओटीत जात होती. आईनं थोडा वेळ पाहिलं आणि मग तिच्यानं राहवेना. म्हणाली, मॅडम, तुमी कागदावर रेघा ओढा, कापसाले हात नका लावू, तुमची ओटी निवडाले मले दुसरी बाई लावा लागन. सगळं वावर हसलं. तुम्ही सगळ्यांत जास्त.

जाताना तुम्ही विचारलंत, एवढं चांगलं वाचतेस तर शाळेत काहून नाही येत. मी पटकन म्हणाले, "वाचाले शाळा कायले लागते?"

तुम्ही थांबलात. विचार करून सांगते म्हणालात आणि गेलात. पुढची दहा वर्षं प्रत्येक फोनच्या शेवटी तुम्ही तेच म्हणत राहिलात, तुह्या त्या सवालाचं उत्तर अजून सापडून नाही राह्यलं. मी चेष्टेवारी न्यायचे. आता तो वाद कोणाशी पुरा करू?

आणखी एक गोष्ट तुम्ही केलीत, जी मी दुसऱ्या कुठल्या शाळेत ऐकली नाही. वाचनालयाची कार्डं तुम्ही बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचात, पुठ्ठ्याचे खण करून. पाचवी, सहावी, सातवी असे. पोरगं शाळा सोडून गेलं की कार्ड फाडून टाकायचं, अशीच रीत. तुम्ही फाडत नव्हतात. डब्यात सगळ्यात मागं एक खण होता, त्यावर लिहिलं होतं "बाहेरगावी". मी चाकणला कामाला आले तेव्हा माझं कार्ड तिथं गेलं. हेडमास्तर म्हणाले होते, जी शाळेत नाही तिचं कार्ड कशाला. तुम्ही म्हणालात, सर, ती वाचणं सोडून कुठी गेली, गाव सोडून गेली. ते त्यांना पटलं का नाही माहीत नाही, पण डबा तुमच्या ताब्यात होता.

त्या खणातूनच तुमचा अलीकडचा उपक्रम निघाला. एक जानेवारीला गावाबाहेर गेलेल्यांपैकी एकाला फोन लावायचा. प्रार्थनेच्या भोंग्याचा माईक मोबाइलला धरायचा. त्यानं आपल्या आवडीचं एक पान वाचायचं आणि लेकरांनी ऐकायचं. मग त्याच्या कार्डावर तारीख टाकायची, जसं पुस्तक नेल्यावर टाकतात. पहिल्या वर्षी पांढरकवड्याच्या हायवेवर गाडी बाजूला लावून आपल्या गावच्या एका ट्रकवाल्यानं वाचलं होतं. मधेमधे मागच्या गाड्यांचे हॉर्न, आणि लेकरं टाळ्या पिटत होती. हे सांगताना तुम्ही स्वतःच लेकरासारख्या बोलत होतात. मग म्हणालात, पुढच्या साली तू.

सतरा नंबरचा फॉर्म त्याआधीच भरून झाला होता; त्याच फोनमध्ये मार्चच्या परीक्षेचं निघालं.

परीक्षा खरं सांगायचं तर सुरुवातीला चांगली गेली. मराठीचा पेपर लिहून बाहेर आले तेव्हा हात दुखत होता आणि ते दुखणं मला आवडलं. इंग्रजी, हिंदी, सगळं लिहिलं. गणिताच्या सकाळी घाटंजीच्या स्टँडवर उतरले. केंद्र तिथून पायी दहा मिनिटांवर. हॉल तिकीट हातात, तुम्ही दिलेले दोन पेन पर्समध्ये. मी बाकावर जरा टेकले, म्हटलं एक उदाहरण पुन्हा पाहून घेऊ. वही उघडली आणि त्यातलं काहीच ओळखू येईना. माझंच अक्षर होतं. एक कंडक्टर येऊन विचारून गेला, कुठी जाचं हाय बाई. मी म्हणाले, इथंच. पेपर सुटेपर्यंत इथंच. मग घरी जाऊन सांगितलं, चांगला गेला. आईनं साखर हातावर ठेवली. भूमितीच्या दिवशीही तसंच.

तुम्हाला संध्याकाळी फोनवर तेच सांगितलं, चांगला गेला. तुमची आपल्या शाळेत परीक्षेची ड्यूटी होती, नाहीतर तुम्ही केंद्राच्या फाटकाशी आला असतात आणि सगळं तिथंच मिटलं असतं.

निकालाच्या दिवसाचं मघाशी सांगितलं. माझ्या "हो"वर तुम्ही म्हणालात, बरं. आणि जेवलीस का ते विचारलंत. तुम्ही टक्के विचारले नाहीत, मॅडम. दहावी निघालेल्या पोरीला कोणती मास्तरीण टक्के विचारत नाही? मला तेव्हा फक्त सुटल्यासारखं वाटलं. जूनमध्ये तुम्ही सहज विचारलंत, जुलैत आठ दिवस सुट्टी भेटते का. कशाला, मी विचारलं. असंच, म्हणालात. जुलैत राहिलेल्या विषयांची परीक्षा असते हे मला ठाऊक होतं. तरी डोक्यात उजेड पडला नाही, का पडू दिला नाही, देव जाणे. मी म्हणाले, सुट्टी नाही भेटत.

डिसेंबरात तुमचा फोन आला, यंदा तुझं पान. लेकरांना तुझ्याबद्दल सगळं सांगितलंय म्हणालात. मला वाटलं, तुम्ही सांगितलं असणार की आपली पूनम तारा बांधता बांधता दहावी निघाली. आता भोंग्यावर लेकरं मला ताई म्हणणार, विचारणार, गणित कसं केलं. मी हो म्हटलं. पान पण काढून ठेवलं.

एक तारखेला माझी पाळी दुपारची होती. सकाळी दहाच्या सुमाराला मी खोलीच्या गच्चीवर होते. कपडे वाळत घालायचे बाकी, मोबाइल हातात. फोन आला. पडद्यावर तुमचं नाव. मी पाहत राहिले. बंद झाला. पुन्हा आला. तिसऱ्यांदा आला तेव्हा मी मोबाइल ओल्या कपड्यांच्या बादलीवर उलटा ठेवला. मग तुम्हाला मेसेज केला, "सॉरी मॅडम मोबाईल लॉकरमध्ये होता." तुम्ही लिहिलंत, "काही हरकत नाही. पान सांभाळून ठेव."

आठवडा गेला नाही तोच भाऊंचा तो फोन.

परवा मी भाऊंना स्वतःहून फोन केला. धीर करून विचारलं, मॅडमनी लेकरांना माझ्याबद्दल काय सांगितलं होतं? भाऊ अगोदर खाकरले. मग म्हणाले, "मॅडमले मालूम होतं पोरी. निकाल लागला, तवाच त्याइनं शाळेच्या कॉम्प्युटरवर पाह्यला. तुहा नंबर त्याइच्यापाशीच होता न."

म्हणजे तुम्ही पाहून मग फोन केला होता. विचारलं नव्हतंत, मला सांगायला जागा दिली होती.

आणि लेकरांना तुम्ही खरं तेच सांगितलं होतं. की पूनमताई गणिताले भेली, पेपरले गेली नाही, पण वाचते लय चांगलं, म्हणून आपण तिचं ऐकणार. खरं लिहायचं ठरवलंय म्हणून लिहिते, मला आधी राग आला. माझी लाज माझ्याआधी तुम्ही शाळेला का सांगितली? हे आपलं दुसरं भांडण, आणि हेही अर्धंच राहिलं. पण भाऊंचं बोलणं संपलं नव्हतं. सातवीतली एक पायल आहे. दिवाळीपासून वेचायला जात होती. एकतीस तारखेला तुम्ही तिच्या वावरात गेलात आणि सांगितलंत, तुझ्यासारखीच एक होती, उद्या ती फोनवर वाचणार आहे, तेवढं ऐकायला ये. ती आली. मोबाइलच्या सगळ्यात जवळ तिला बसवलं होतं. तीनदा फोन लागला आणि उचलला गेला नाही. मग तुम्हीच एक पान वाचलंत.

"त्या दिवसापासून पायल नाही आली," भाऊ म्हणाले. दोष देत नव्हते, आपलं सांगत होते.

मग माझं मन राखायला म्हणून त्यांनी सांगितलं, तुझं पुस्तक कपाटात आहे. पेपरात गुंडाळलेलं, मॅडमनी स्वतः गुंडाळलं, वरती वाक्यही त्यांचंच आहे. त्यांनी फोटो पाठवला. तुमचं ते उजवीकडं कललेलं अक्षर, "मलाही यातलं निम्मंच येतं."

मी विचारायच्या आधीच भाऊ म्हणाले, गणिताचं गाइड हाय, मीच आणलं घाटंजीहून. बोरंसुद्धा न घेता सांगून टाकलं. मी हसले आणि मग मला हुंदका आवरेना. सात महिने या माणसानं एकच गोष्ट पोटात ठेवली आणि ती माझी होती. मॅडम म्हणल्या होत्या, म्हणाले, तिची तिलेच सांगू द्या.

सोबत माझ्या कार्डाचाही फोटो होता. एक जानेवारीसमोर तारीख टाकलेली नाही. पेन्सिलीनं लिहिलंय, "वाचन राहिलं." पेन्सिलीनं, म्हणजे खोडता येईल असं.

पुस्तक पाठवू का विचारत होते. नको म्हटलं. आपला नियम आहे, ज्याचं त्यानं कपाटातून उचलायचं. कार्ड मागच्या खणातच राहू द्या म्हटलं. डबा आता कोणाच्या ताब्यात जाईल ठाऊक नाही, पण भाऊंनी तो खिचडीच्या खोलीत हलवला आहे, मावशींच्या नजरेखाली.

भाऊंकडून पायलच्या आईचा नंबर घेतला. काल सुट्टीच्या दिवशी दुपारी लावला. ते पान मांडीवर होतं. पहिलं वाक्य ठरवलं होतं, मी पूनम, मी मॅडमशी खोटं बोलले होते, आणि फोन मुद्दाम उचलला नव्हता. त्याच्यानंतर वाचायला सुरुवात करणार होते. तीनदा लावला. कोणी उचलला नाही. वावरात असतील. किंवा हातात असेल आणि पाहत असेल. ते मला ओळखू येतं.

वाचायला शाळा कशाला लागते, त्याचं उत्तर मलाही अजून सापडलेलं नाही. पण तिकडून फोन वाजत राहावा लागतो, एवढं कळलं.

मॅडम, तुमचं मी फेडीन. कसं ते सांगून ठेवते, म्हणजे मागं फिरता येणार नाही. मार्चच्या फॉर्मची मुदत गेली, म्हणून जुलैत गणिताला बसेन, सुट्टी या वेळी खरंच मागेन, आणि स्टँडवर उतरले की बाकावर टेकणार नाही. पुस्तक उचलायला स्वतः येईन. निघेन का नाही ते माहीत नाही, पण जे होईल ते पहिल्यांदा भाऊंना सांगेन, म्हणजे सगळ्या गावाला कळेल.

आणि पायलला मी उद्या पुन्हा फोन लावणार आहे. परवा पण. तुम्ही मला दहा वर्षं लावलात. तेवढी वर्षं तर माझ्यापाशी आहेत.

तुमची,
पूनम